चांगलं पाणी, पण कशासाठी?

दख्खनच्या पठारावर कुठल्याही गावात विचारा, बोअरच्या पाण्याबद्दल तक्रार ठरलेली असते: पाणी जड आहे, साबणाला फेस येत नाही, डाळ शिजत नाही. आळंदी याच पठारावर वसलेली. आणि त्याच आळंदीत, इंद्रायणीच्या पात्रात, कुणी साबणाची वडी न घासताही पांढऱ्या फेसाचे ढीगच्या ढीग तरंगताना गेल्या काही वर्षांत वारंवार दिसले आहेत. जमिनीखालच्या पाण्याला फेस येता येत नाही आणि जमिनीवरच्या पाण्याचा फेस हटता हटत नाही. या दोन्ही गोष्टींमागे एकच धागा आहे आणि तो धरून चाललं, की आपल्या पायाखालच्या पाण्याची सगळी हकिकत उलगडत जाते.

साबण म्हणजे तेलातल्या आम्लाचं सोडियमशी जमलेलं संयुग. पाण्यात कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम असलं, की ते सोडियमला बाजूला सारून त्याची जागा घेतं आणि न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला बसणारा चिकट पांढरट थर तो हाच. पाण्यातलं कॅल्शियम असं खर्ची पडेपर्यंत फेस धरत नाही. डाळीचंही तसंच आहे. डाळीच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियममुळे आणखी घट्ट होतं, म्हणून कितीही शिट्ट्या झाल्या तरी दाणा अख्खाच राहतो. ‘पाणी जड आहे’ असं सांगणारी आजी खरं तर कॅल्शियमची मोजणीच करत असते, आणि अचूक करत असते.

विसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी कॅल्शियमला दाद न देणारे नवे रेणू घडवले. आपल्या धुण्याच्या पावडरी त्यातूनच आल्या. जड पाण्यातही फेसाळणारे हे रेणू मोरीतून गटारात आणि गटारातून नदीत जातात. प्रक्रिया न झालेलं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी नदीत मिसळलं आणि बंधाऱ्यावरून कोसळताना त्यात हवा घुसळली गेली, की फेसाचे डोंगर उभे राहतात. बोअरमध्ये फेस मारणारं कॅल्शियम इथे हतबल ठरतं.

म्हणजे पाणी कधीच नुसतं पाणी नसतं. त्यात काय विरघळलं आहे, कुठून आलं आहे आणि किती आहे, यावर ते कसं वागणार हे ठरतं. आणि त्याहून मोठं नवल पुढेच आहे: एकाच विहिरीतलं एकच पाणी पिण्यासाठी नापास, शेतीसाठी पास आणि कारखान्यासाठी पुन्हा नापास ठरू शकतं. ‘पाणी चांगलं आहे का?’ हा प्रश्न म्हणूनच अर्धा आहे. ‘कशासाठी?’ असं जोडल्याशिवाय तो पुरा होत नाही.

खडकानं दिलेलं

इंद्रायणी लोणावळ्याजवळच्या डोंगरात उगम पावते. तिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस कोसळतो. कामशेत, देहू, मोशी, आळंदी करत ती तुळापूरला भीमेला मिळते, तोवर पाऊस सातशे मिलिमीटरच्या घरात उतरलेला असतो. ढगातून पडताना या पाण्यात क्षार जवळपास नसतातच; लिटरमागे काही मिलिग्रॅम, बस्स. तेच पाणी विहिरीतून वर येतं तेव्हा लिटरमागे तीनशे, पाचशे, कधी हजार मिलिग्रॅम क्षार घेऊन येतं.

ही भर पडते मातीत आणि खडकात. झाडांची मुळं आणि मातीतले जिवाणू सतत कार्बन डायऑक्साइड सोडत असतात. मातीच्या कणांमधल्या हवेत हा वायू बाहेरच्या हवेच्या दहापट, कधी शंभरपटही असतो. मुरणारं पाणी तो शोषून घेतं आणि त्याचं अगदी सौम्य कार्बोनिक आम्ल होतं. हे आम्ल खालच्या काळ्या पाषाणाला, म्हणजे बेसॉल्टला, अणूअणूनं पोखरत राहतं. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून वर आलेल्या लाव्हाचा हा खडक महाराष्ट्राच्या सुमारे ८२ टक्के भूभागावर पसरला आहे. त्यातल्या प्लॅजिओक्लेज या खनिजातून कॅल्शियम आणि सोडियम सुटतं, पायरॉक्सीनमधून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, दोन्हींतून सिलिका. आम्लाचं या झटापटीत बायकार्बोनेट होतं. तेव्हा जड पाण्याचा तांब्या हाती आला, तर त्यातलं कॅल्शियम डायनोसॉरच्या काळातल्या लाव्हाचं असतं आणि बायकार्बोनेटमधला कार्बन गेल्या काही पावसाळ्यांतल्या गवताच्या मुळांनी सोडलेला असतो.

लाव्हा एकदाच आला नाही, थरावर थर येत राहिले. प्रत्येक थराचा वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांनी भोकाभोकांचा झाला. विहिरी खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. मधला भाग घट्ट काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबड्या मातीची पट्टी. पाणी साठतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्यात आणि पाषाणाच्या भेगांत. म्हणून एका बांधाच्या दोन बाजूंच्या बोअरांना वेगवेगळं पाणी लागतं, आणि चवही वेगळी लागते. एका भेगेतलं पाणी कालच्या पावसाचं असू शकतं, तर दुसरीतलं कित्येक वर्षं दगडाशी झटत बसलेलं.

त्या बुडबुड्यांच्या पोकळ्यांत पुढे स्फटिक वाढले. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींमधला निळाशार कॅव्हन्साइट जगभरच्या संग्राहकांना ठाऊक आहे. त्याच्या सोबतीनं सापडणारे पांढरे, गुलाबी स्फटिक म्हणजे झिओलाइट. झिओलाइटच्या सांगाड्यात अतिसूक्ष्म बोगदे असतात. पाण्यातलं कॅल्शियम ते आत धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. कृत्रिम झिओलाइट धुण्याच्या पावडरीत घालतात ते याच गुणासाठी. जमिनीखाली हीच अदलाबदल माणूस जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून सुरू आहे. खोल मुरलेलं पाणी कधी कधी कमी जड आणि जास्त सोडियमचं निघतं, त्यामागे असे खनिजांचे व्यवहार असतात.

माणसानं दिलेलं

बेसॉल्टमध्ये दोन गोष्टी जवळजवळ नाहीतच: क्लोराइड आणि नायट्रेट. त्यामुळे समुद्रापासून दूर, आळंदीसारख्या ठिकाणी, विहिरीच्या पाण्यात ही दोन्ही एकत्र वाढलेली दिसली तर खडकाकडे बोट दाखवता येत नाही. क्लोराइड आपल्या जेवणातल्या मिठातून, मूत्रातून, सांडपाण्यातून, पोटॅशच्या खतातून, कारखान्यांच्या पाण्यातून येतं. ते दगडाला चिकटत नाही आणि जिवाणूंनाही पचत नाही. जमिनीत शिरलेलं क्लोराइड पाण्याबरोबर मुकाट चालत राहतं, म्हणून भूजलाचा माग काढणाऱ्यांसाठी तो फार भरवशाचा साक्षीदार. नायट्रेट येतं युरियातून, शेणखताच्या उकिरड्यातून आणि शोषखड्ड्यांतून. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालानुसार देशभरातल्या सुमारे पाचव्या हिश्श्याच्या नमुन्यांत नायट्रेट मर्यादेच्या वर होतं. महाराष्ट्रात हे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहूनही जास्त.

आळंदीभोवतीचा प्रदेश पाहिला, तर पाण्यात काय काय मिसळू शकतं याची यादी नकाशावरच वाचता येते. उत्तरेला चाकण, कांद्या-बटाट्याच्या बाजारासाठी नावाजलेलं आणि आता गाड्यांच्या कारखान्यांसाठी. नैर्ऋत्येला भोसरी आणि पिंपरी. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही औषध कंपनी उभी राहिली, १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झालं आणि पुढच्या काही दशकांत हा पट्टा देशातल्या मोठ्या कारखानदारीचा झाला. मोठ्या कारखान्यांच्या आसऱ्यानं सुटे भाग बनवणारी, धातूवर मुलामा चढवणारी लहान युनिटं वाढली. मोशीला शहराचा कचरा डेपो आहे. मधे कांदा, ऊस आणि भाजीपाल्याची शेती, आणि जुन्या गावठाणांना लागून उंच सोसायट्या, ज्यांतल्या कित्येकांची भिस्त बोअर आणि टँकरवर.

मुलामा चढवण्याच्या कामात क्रोमियम आणि निकेल लागतं. क्रोमियमची दोन रूपं आहेत. एक मातीला चिकटून बसतं. दुसरं, सहा संयुजांचं, पाण्यात विरघळून दूरवर जातं आणि तेच जास्त विषारी असतं. पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियमची मर्यादा लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम आहे. दहा मीटर व्यासाची, तेरा मीटर पाणी असलेली विहीर घ्या. तिच्यात साधारण दहा लाख लिटर पाणी मावतं. एवढी भरलेली विहीर या मर्यादेपर्यंत नेऊन ठेवायला अवघं ५० ग्रॅम विरघळलेलं क्रोमियम पुरतं. शिशाची मर्यादा ०.०१, तिथे १० ग्रॅमच भागतात. रंग नाही, वास नाही, चव नाही. जीभ, नाक, डोळे इथे काहीच सांगू शकत नाहीत.

शिवाय बेसॉल्टच्या भेगांतून झिरपताना पाणी गाळलं जाईलच, असंही नाही. वाळूचा जाड थर असता तर त्यानं पुष्कळ काही अडवलं असतं. उघडी भेग मात्र वरचं पाणी थेट खाली नेते. नदीचं नातंही दुहेरी आहे. पावसाळ्यानंतर आजूबाजूच्या जमिनीतलं पाणी पाझरून नदी वाहती ठेवतं. पण काठावरच्या विहिरींचा उपसा वाढला आणि त्यांची पातळी पात्राच्या खाली गेली, की प्रवाह उलटतो आणि नदी विहिरीत उतरू लागते. नदीत जे सोडलं ते नदीतच राहतं, हा समज काठावरच्या गावांना परवडणारा नाही.

बाटलीत विहीर आणायची कशी

भूजल तपासणं हे शिस्तीचं काम आहे. बोअरच्या पाइपात रात्रभर साचलेलं पाणी हे खडकातलं पाणी नव्हे. म्हणून पंप काही मिनिटं चालू ठेवून, पाण्याची विद्युतवाहकता स्थिरावल्यावरच नमुना घेतात. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळायची आणि हवा राहणार नाही अशी काठोकाठ भरायची. जड धातूंसाठी वेगळी बाटली, तिच्यात थोडं नायट्रिक आम्ल, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतात आणि अहवाल खोटा दिलासा देतो. जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली. ती विसळायची नाही, बर्फाच्या पेटीत ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायची. सामू आणि तापमान जागेवरच मोजायचं, कारण बाहेर येताच पाण्यातला कार्बन डायऑक्साइड उडू लागतो आणि सामू बदलतो.

नमुने वर्षातून निदान दोनदा हवेत, मेमध्ये आणि पावसाळ्यानंतर. पावसानं काही क्षार पातळ होतात, पण मातीत साठलेलं नायट्रेट त्याच पावसाबरोबर खाली उतरतं. एका तारखेच्या अहवालावरून विहिरीचा स्वभाव कळत नाही. पुण्यात मुख्यालय असलेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा म्हणूनच निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून अनेकदा मोजते आणि ठरावीक काळानं नमुने तपासते.

प्रयोगशाळेतला एक प्रयोग डोळ्यांनी बघण्यासारखा असतो. काचपात्रात ५० मिलिलिटर नमुना घेतात, त्याचा सामू दहावर आणतात आणि एरिओक्रोम ब्लॅक टी या रंगाची चिमूट टाकतात. पाणी द्राक्षाच्या दारूसारखं लाल होतं. हा लाल रंग म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमनं रंगाचा रेणू धरून ठेवल्याची खूण. मग ब्युरेटमधून ईडीटीए या द्रावणाचे थेंब सुटू लागतात. ईडीटीएचा रेणू कॅल्शियमला चहूबाजूंनी कवटाळतो. थेंबामागून थेंब पडतात आणि लाल लालच राहतं. मग थोडी जांभळी छटा येते, आणि पुढच्या एका थेंबासरशी सगळं पात्र निळंशार होतं! शेवटचं कॅल्शियम-मॅग्नेशियम त्या थेंबानं उचललेलं असतं. ईडीटीए किती खर्ची पडलं ते ब्युरेटवर वाचायचं आणि साध्या गुणाकारानं पाण्याचा जडपणा काढायचा. आजीनं फेसावरून सांगितलेलं इथे मिलिग्रॅममध्ये मिळतं.

एका विहिरीचं प्रगतिपुस्तक

हिशेब कळावा म्हणून एक काल्पनिक विहीर घेऊ, पण आकडे या भागातल्या बेसॉल्टच्या पाण्याला शोभतील असे. लिटरमागे कॅल्शियम ८०, मॅग्नेशियम ३६, सोडियम ६९, बायकार्बोनेट ३०५, क्लोराइड १०६, सल्फेट ४८ आणि नायट्रेट ६२ मिलिग्रॅम.

आता या आकड्यांना प्रत्येक आयनच्या भारानुसार एका मापात आणू. कॅल्शियमचे ४ एकक होतात, मॅग्नेशियमचे ३, सोडियमचे ३. धनभार एकूण १०. बायकार्बोनेट ५, क्लोराइड ३, सल्फेट १, नायट्रेट १, ऋणभारही १०. जगातल्या कुठल्याही पाण्यात, गंगेच्या, अरबी समुद्राच्या किंवा आळंदीजवळच्या चऱ्होलीतल्या बोअरच्या, हे दोन आकडे जुळलेच पाहिजेत, कारण पाण्यावर निव्वळ विद्युतभार नसतो. ते भारानं समतोलच असतं. प्रयोगशाळेच्या अहवालात या दोन बेरजांत पाच टक्क्यांहून जास्त फरक दिसला, तर समजावं की कुठेतरी मोजणी चुकली आहे किंवा एखादा घटक मोजायचाच राहिला आहे. पाणी आपल्या तपासनिसाचीही परीक्षा घेतं.

या पाण्याचा जडपणा ३५० मिलिग्रॅम, एकूण विद्राव्य क्षार सुमारे ५८० आणि विद्युतवाहकता हजार मायक्रोसिमेन्सच्या आसपास. आता तीन दारं ठोठावू.

पहिलं दार: हंडा

पिण्याच्या पाण्यासाठी आपल्याकडे भारतीय मानक आयएस १०५००, २०१२ सालची आवृत्ती, लागू आहे. विद्राव्य क्षार ५०० पर्यंत इष्ट, दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालतील. जडपणा २०० इष्ट, ६०० पर्यंत चालेल. म्हणजे आपल्या विहिरीचा जडपणा आणि क्षार ‘चालतील’ या वर्गातले. मात्र नायट्रेटची मर्यादा ४५ आहे आणि तिला सवलत नाही. इथे ६२. नापास.

ही मर्यादा इतकी कडक का, याचं उत्तर अमेरिकेतल्या आयोवा राज्यात सापडतं. १९४५ साली हंटर कॉम्ली या डॉक्टरांनी निळसर पडणाऱ्या तान्ह्या बाळांची नोंद प्रसिद्ध केली. वरचं दूध ज्या विहिरीच्या पाण्यात कालवलं जात होतं, तिच्यात नायट्रेट भरमसाट होतं. बाळाच्या पोटात नायट्रेटचं नायट्राइट होतं आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनला असं बदलतं, की त्याला प्राणवायू वाहून नेता येत नाही. पाणी उकळून जिवाणू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यानं ते आणखी दाट होतं. तान्हं बाळ असलेल्या प्रत्येक घरानं हे एक वाक्य ध्यानात ठेवावं.

जिवाणूंची कसोटी आणखी सोपी आणि आणखी कडक. शंभर मिलिलिटरमध्ये एकही ई-कोलाय नको. गावपातळीवर त्यासाठी एचटूएसची छोटी बाटली असते: खुणेपर्यंत पाणी भरून उबदार जागी ठेवायची, एक-दोन दिवसांत पाणी काळं पडलं तर त्यात विष्ठेतून येणाऱ्या जिवाणूंची शंका घ्यायची. आषाढी वारीची पालखी निघताना आणि कार्तिकीला लाखो वारकरी आळंदीत उतरतात तेव्हा विहिरींचं शुद्धीकरण, त्यासाठीची क्लोरीनची टीसीएल पावडर आणि पाण्यात क्लोरीन असल्याचं दाखवणाऱ्या ओटी टेस्टचा पिवळा रंग यांवर किती जणांचं आरोग्य टांगलेलं असतं, याचा विचार केला की गावच्या पाण्यावर देखरेख ठेवणाऱ्या जलसुरक्षकाच्या हातातली ती लहानशी बाटली फार मोठी वाटू लागते.

दुसरं दार: रान

पिकांचं शास्त्र वेगळा प्रश्न विचारतं. अमेरिकेत रिव्हरसाइड इथल्या क्षारता प्रयोगशाळेनं १९५४ साली एक आलेख दिला, जो आजही जगभर वापरला जातो. एका अक्षावर विद्युतवाहकता, दुसऱ्यावर सोडियमचं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी असलेलं गुणोत्तर, म्हणजे एसएआर.

सोडियमची एवढी धास्ती कशाला? काळ्या जमिनीतले चिकणमातीचे कण कॅल्शियममुळे एकमेकांना धरून राहतात, त्यांच्यात पोकळ्या राहतात आणि पाणी मुरतं. कॅल्शियमची जागा सोडियमनं घेतली, की कण सुटे होऊन पोकळ्या बुजवतात. जमीन ओली असताना चिखल, वाळली की दगड. आपले शेतकरी तिला चोपण म्हणतात. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा हे या दुखण्याचं महाराष्ट्रातलं सर्वांत मोठं उदाहरण. सांगली-कोल्हापूरकडच्या नदीकाठच्या क्षारपड जमिनी हे दुसरं. तिथे अतिपाणी आणि निचऱ्याचा अभाव यांनी घात केला.

आपल्या विहिरीचा एसएआर येतो १.६. दहाच्या आत सुरक्षित मानतात, म्हणजे इथे काळजी नाही. आणि ती नाही ती त्या जड कॅल्शियमच्याच कृपेनं! हंड्यात खटकणारा जडपणा रानात जमिनीची राखण करतो. नायट्रेटचंही पारडं फिरतं. ६२ मिलिग्रॅम नायट्रेटमध्ये १४ मिलिग्रॅम नत्र असतं. एकरभर रानाला एक इंच पाणी म्हणजे साधारण एक लाख लिटर. त्यातून सुमारे १.४ किलो नत्र पिकाला मिळतं. कांद्याला हंगामात वीस इंच पाणी दिलं तर २८ किलो. हे नत्र बहुधा कुणी मोजत नाही, वरून युरियाची पूर्ण मात्रा पडते आणि उरलेलं पुन्हा विहिरीत उतरतं. पाणी तपासून खत कमी केलं, तर खिसा आणि विहीर दोन्ही वाचतात.

सावध राहायचं ते एकूण क्षारांपासून. आपल्या विहिरीची वाहकता ७५० ते २२५० या ‘जास्त क्षारता’ वर्गात येते. त्याच वीस इंचांतून एकरी एक टनाहून जास्त क्षार रानात येऊन पडतात. पीक पाणी घेतं, क्षार मागे ठेवतं. कांदा या बाबतीत नाजूक: मातीतल्या ओलाव्याची क्षारता १.२ डेसिसिमेन्सच्या (१२०० मायक्रोसिमेन्सच्या) पुढे गेली की त्याचं उत्पादन घटू लागतं. गहू ६ पर्यंत तग धरतो, कापूस पावणेआठच्या आसपास. निचरा चांगला असेल तर चार महिन्यांचा पाऊस हे क्षार धुऊन खाली नेतो. निचरा नसेल तर दर हंगामाला थर वाढत जातो.

तिसरं दार: कारखाना

कारखान्याला नायट्रेटशी फारसं देणंघेणं नाही. त्याला भीती कॅल्शियमची आणि सिलिकाची. पाणी तापलं की बायकार्बोनेट मोडतं आणि चुनखडी बाहेर पडून नळ्यांना चिकटते. ताशी हजार लिटर वाफ करणाऱ्या लहान बॉयलरला हे पाणी तसंच दिलं, तर दिवसाला आठ किलोंहून जास्त चुनखडीइतका जडपणा आत शिरतो. हा थर उष्णता अडवतो, इंधन जास्त लागतं आणि शेवटी नळीचा धातू तापून फाटतो. बेसॉल्टनं दिलेली सिलिका त्याहून चिवट. तिचा थर काचेसारखा कडक बसतो आणि जास्त दाबाच्या बॉयलरमध्ये ती वाफेबरोबर उडून टर्बाइनच्या पात्यांवरही जाऊन बसते.

पाणी थर बसवेल की धातू खाईल, हे सांगणारा निर्देशांक कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या लँगेलिअर यांनी १९३६ साली मांडला. सामू, कॅल्शियम, बायकार्बोनेट आणि तापमान यांवरून तो निघतो. शून्याच्या वर असेल तर थर बसण्याकडे कल, खाली असेल तर गंज. गाड्यांच्या कारखान्यात रंग चढवण्याआधी सांगाडा क्षारविरहित पाण्यानं धुतात, कारण वाळलेल्या थेंबातला क्षाराचा ठिपकाही रंगाखाली फोड आणतो. ते पाणी माणसानं रोज प्यावं असं नाही, पण लोखंडाला तेच मानवतं.

टीडीएसचं पेन काय सांगत नाही

सोसायट्यांमध्ये टीडीएस, म्हणजे एकूण विद्राव्य क्षार, मोजायचं पेन आता घरोघरी आहे. ते मोजतं फक्त विद्युतवाहकता. आकडा ६०० आला तर तो कॅल्शियम-बायकार्बोनेटचा निरुपद्रवी असू शकतो. २५० आला तरी त्यात ई-कोलाय असू शकतात, आणि क्रोमियम मर्यादेच्या कितीतरी पट असूनही पेनचा आकडा हलत नाही. टँकरचं पाणी पेन बुडवून ‘चांगलं’ ठरवणं म्हणजे पुस्तकाचं वजन करून त्यातला मजकूर ओळखणं. टँकर कुठल्या विहिरीवर भरला आणि त्या विहिरीचा शेवटचा अहवाल कधीचा, हे विचारण्याचा हक्क प्रत्येक रहिवाशाला असायला हवा.

आपण पाणी लागेल का हे विचारायला पानाड्याला बोलावतो, बोअरला लाखभर रुपये घालतो. लागलेलं पाणी कसं आहे हे विचारायला मात्र बाटलीभर नमुना पाठवत नाही. सोय नाही असंही नाही. जलजीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना तपासणी संच वापरायला शिकवलं गेलं. जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा सामान्य नागरिकांनाही माफक शुल्कात खुल्या केल्या आहेत. शेतीच्या पाण्यासाठी कृषी विभागाच्या माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळा आहेत. पाण्याचा अहवाल हाती आला, की गावाला विहिरींची वाटणी करता येते: नायट्रेट कमी असलेली विहीर हंड्यासाठी राखायची, नायट्रेटची विहीर कांद्याला द्यायची, आणि कारखान्यांनी गोड्या भूजलाला हात लावण्याआधी शुद्ध केलेलं सांडपाणी वापरायचं.

यासाठी लागते ती नोंद, अगदी साधी. मे संपताना एक बाटली, दिवाळीच्या सुमारास दुसरी. अहवाल ग्रामपंचायतीच्या किंवा सोसायटीच्या फलकावर, तारखेसह. दहा वर्षांत वीस अहवाल होतील. क्लोराइड कुठल्या साली चढू लागलं, नायट्रेट कुठल्या हंगामात उसळतं, क्रोमियम पहिल्यांदा कुठल्या बाजूच्या बोअरमध्ये दिसलं, हे सगळं त्या वीस कागदांवर असेल. मग आमच्या पाण्यात हे कुणी मिसळलं, हा प्रश्न त्या गावाला अंदाजानं विचारावा लागणार नाही. ते पुराव्यानिशी विचारेल आणि समोरच्याला उत्तर द्यावंच लागेल.